वखारीच्या दारावर चाळीस

"अर्ज पायरीवर ठेव. हां, तिथंच. आता चार पावलं मागं हो."

मी झालो मागं. कचेरीच्या जांभ्याच्या पायरीवर माझा कागद पडला होता. बंदरावरून वारा येत होता म्हणून मी त्याच्यावर एक खडा ठेवला होता. कारकून धोतराचा सोगा सावरत पडवीत आला. आत तोंड करून तांब्या मागवला. पट्टेवाल्यानं तांब्या आणून दिला. कारकुनानं तळहातावर पाणी घेतलं आणि माझ्या अर्जावर शिंपडलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग दोन बोटांनी कागद उचलला.

शाई ओघळली. सबंध दिवस बसून लिहिला होता तो अर्ज. टाक उसना, दौत उसनी. ओळी सरळ याव्यात म्हणून आधी काडीनं रेघा मारून घेतल्या होत्या. सगळं निळं पाणी होऊन खाली ठिबकलं.

कारकुनानं कागद उजेडात धरला. डोळे बारीक केले.

"काय लिहिलंयस हे? अक्षर लागत नाही. लागेल असं लिहून आण."

पडवीत बसलेले दोघंतिघं हसले. पट्टेवालाही हसला. मी तिथून निघालो. त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं, ते आधीच्या एका पापामुळं. ते पाप सांगायलाच मी बसलोय. त्यांच्या पापाआधी माझं सांगतो. म्हणजे कुणी म्हणायला नको की महाराचं पोर नुसतं दुसऱ्याकडं बोट दाखवतंय.

अर्जात मी मागितलं काय होतं? जमीन नाही, नोकरी नाही. दोन गोष्टी. वखारीतल्या तुरुंगात भेटीचं पुस्तक असतं, त्यातलं एक पान मला दाखवा. आणि एका ठरावीक सकाळी त्या वखारीत माणसं किती होती, तो आकडा धाकू खारव्याच्या बायकोला सांगा. सरकारकडं लिहिलेलं असतं ते. रोज सकाळ-संध्याकाळ लिहितात. आम्हाला वाचायचं होतं, एवढंच.

आता मुळापासून सांगतो.

मिठाच्या चळवळीचं साल. आमच्या वाडीनं मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवलं होतं. खोताचा बैल मेला. तीन दिवस पडून राहिला, गावभर वास सुटला, पण आमच्यातलं कुणी गेलं नाही. चौथ्या दिवशी खोताच्या आगरातले नारळ चोरीला गेले म्हणून माझ्यावर खटला. मीच का? तर मी सातवी शिकलेला. वाडीला शिकवणारा तू, म्हणून नारळ चोरणाराही तूच. तीन महिने सक्तमजुरी झाली.

मला रत्नागिरीला आणलं. तिथं मोठ्या तुरुंगात जागा नाही म्हणाले. चळवळीची माणसं झुंडीनं येत होती. वकील, डॉक्टर, शाळेतले मास्तर. त्यांना जागा पाहिजे. मग आमच्यासारख्या चोराचिलटांना बंदराजवळच्या एका जुन्या वखारीत भरलं. पूर्वी तिथं काथ्या साठवत. दगडी भिंती, वर कौलं, एका अंगाला दोन झरोके. दारावर सफेत्यानं मोठ्ठा आकडा घातलेला, चाळीस. म्हणजे इथं चाळीस माणसं मावतात.

आत आम्ही बावन्न जोड्या होतो.

जोड्या म्हणतो, कारण मोजणी तशीच. सकाळी दार उघडलं की दोघंदोघं उकिडवे बसायचं. जमादार छडी घेऊन यायचा. एका गुडघ्याला छडी, दुसऱ्या गुडघ्याला छडी, "जोडी." पुढची. "जोडी." माझं गणित बरं होतं. मी पहिल्याच दिवशी मोजलं.

झोपायला माणशी एक वीत. उताणं झोपायचं नाही, कुशीवरच. सगळी रांग एका कुशीवर. अंग दुखून आलं तरी एकट्यानं वळता यायचं नाही. मुकादम म्हणजे जुना कैदी, तो ओरडायचा, "कूस!" की सगळी रांग एकदम वळायची. चार वर्षं झाली सुटून. अजून मी झोपेत कुणीतरी ओरडायची वाट बघतो. बायको म्हणते, "तुमी मेल्यासारकं एकाच अंगावर पडून ऱ्हाता. मना भ्या वाटतं." तिला काय सांगू?

आम्हा महारांची जागा मुतारीच्या पिंपाशेजारी. तुरुंगात सुद्धा वेस होती. पण माणसं वाढली तशी वेस मोडली. माझ्या शेजारी धाकू खारवी आला. पन्नाशीचा माणूस, खाडीवरचा, मचवा हाकणारा तांडेल होता. पहिल्या दिवशी त्यानं आमच्या मधे काथ्याची एक दोरी आडवी टाकली. म्हणाला, "वायट वाटून घेऊ नको, पोरा. सवय हाय." मी म्हटलं, "घाला, दादा." आठ दिवसांत ती दोरी कुणाच्या तरी पाठीखाली गेली. कुणी शोधली नाही.

धाकूदादाचा गुन्हा काय? मीठ उचललं. होय, मीठच! बाकीच्यांनी उचललं ते सत्याग्रही झाले. हा मासळी खारवायला घेऊन निघाला होता. कोर्टात साहेबानं विचारलं, "चळवळीत आहेस का तू?" याला वाटलं, नाही म्हटलं तर सोडतील. "न्हाय सायबा. कसली चळवळ? मासळीला पायजे व्हतं." झालं! चळवळीत नाही म्हणजे चोर. हो म्हणाला असता तर मोठ्या तुरुंगात डॉक्टर-वकिलांच्या शेजारी हातपाय ताणून झोपला असता. हे त्याला कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. तीच उबळ पुढं थांबली नाही.

वैशाख होता. तापलेली कौलं, खाली एकशे चार माणसांचा श्वास. झरोक्याजवळची जागा मुकादमाच्या मर्जीतल्यांना. धाकूदादाला ताप भरला. पेज दिली तर ओकायचा. एक दिवस म्हणाला, "मना झरोक्याकडं ने रं. वाईच वारा लागू दे." मी मुकादमाला सांगितलं. त्यानं माझ्या कानशिलात वाजवली.

मग तो दिवस आला.

गावातली प्रतिष्ठित माणसं सरकार नेमतं. त्यांनी महिन्यातून एकदा तुरुंग बघायचा, कैद्यांना विचारायचं आणि जे दिसलं ते भेटीच्या पुस्तकात लिहायचं. आमच्याकडं यायचे ते एक रावसाहेब. मोठे वकील. शब्दाला मान असलेला माणूस. ते येणार म्हणून सकाळीच फरशी धुतली. फिनेल टाकलं. आणि चौसष्ट माणसं काढून मागच्या आगरात काथ्या कुटायला नेली. आत उरले बरोबर चाळीस. दारावरचा आकडा त्या दिवशी एक तास खरा होता.

धाकूदादाला चालवत नव्हतं, म्हणून तो चाळिसात राहिला. जेलर मला म्हणाला, "तू शिकलेला आहेस. पुढं बस. ह्याला खांद्याला टेकव. आणि रावसाहेबांशी नीट बोल." दम दिला नाही. मारलं नाही. नुसतं म्हणाला, नीट बोल.

रावसाहेब आले. नाकाला रुमाल, पायात पुणेरी जोडा. दारातच उभे राहिले.

"कुणाची काही तक्रार?"

जेलरनं माझ्याकडं बघितलं. मी उठून उभा राहिलो. धाकूदादा भिंतीवर कलंडला. मी हात जोडले आणि शाळेत पुस्तक वाचायचो तसा बोललो. शब्द न् शब्द पाठ आहे मला.

"नाही, रावसाहेब. आमची सर्वांची व्यवस्था उत्तम आहे. जागाही पुरेशी आहे."

जागेचं मला कुणी विचारलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. वाक्य भरल्यासारखं वाटावं म्हणून.

रावसाहेबांनी रुमाल काढला. "वा! काय स्वच्छ बोलतोस रे! कुठं शिकलास?"

"दापोलीला, रावसाहेब."

"शाबास. ऐकलंत, जेलर? वाणीवरून वाटत नाही हो."

काय वाटत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. आणि मला बरं वाटलं. थुंका माझ्यावर, पण खरं तेच सांगतो, मला बरं वाटलं! शाळेत मी वऱ्हांड्यात बसायचो. मास्तर माझी पाटी लांबून बघायचे. त्या शाळेत सात वर्षांत मला कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. त्या एका 'वा'ला मी एकशे चार माणसं विकली. रावसाहेबांनी तिथंच उभ्याउभ्या पुस्तकात लिहिलं आणि जेलरला वाचून दाखवलं. कैदी समाधानी आहेत, एका कैद्यानं स्वतःहून सांगितलं की जागा पुरेशी आहे.

मी परत खाली बसलो. धाकूदादाला खांद्याला घेतला. तो म्हणाला, "लय चांगला बोललास."

टोमणा होता की खरंच म्हणाला, ते मला अजून कळलेलं नाही. याच्यावर मी इतका विचार केलाय की कधीकधी वाटतं, डोकं फिरेल. तो भोळा माणूस होता. बहुतेक खरंच म्हणाला असेल. ते जास्त वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. जोड्या करून बसलो. धाकूदादाला मीच उठवून बसवलं होतं, डोकं माझ्या खांद्यावर. अंग गार लागलं. मला वाटलं, ताप उतरला. जमादार आला. माझ्या गुडघ्याला छडी, त्याच्या गुडघ्याला छडी. "जोडी." पुढं गेला. बावन्न जोड्या भरल्या. जमादार बाहेरच्या कारकुनाला ओरडून म्हणाला, "बराबर!" मग आम्हाला उभं राहायला सांगितलं. मी उठलो आणि धाकूदादा आडवा झाला.

मेलेला माणूस मोजणीत भरला होता. त्यांना माणसं पाहिजेच नव्हती, गुडघे पाहिजे होते.

पुढं मी सुटलो. घरी न जाता पहिला खाडीवर गेलो. धाकूदादाची बायको अंगणात सुकट पसरत होती. मी लांब उभा राहिलो, कोण कुठला ते सांगितलं. तिनं पाणी दिलं. वरून ओतलं, मी ओंजळीनं प्यालो. खारवी लोकही आम्हाला वरूनच पाणी घालतात. दुःखात असली म्हणून ती काही वेगळी वागली नाही.

तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा. "त्याला निजाया जागा तरी व्हती का रं? मचव्यावर पाय ताणून निजायची सवय त्याला."

मी ओले हात अंगाला पुसले.

"मी कचेरीत गेलते. तीन येळा. माजा माणूस कशानं मेला, किती माणसं कोंडलंवती, सांगा म्हटलं. तर ह्यो कागद दिला."

कागद तिनं देवाच्या फळीवर ठेवला होता. वाचता येत नव्हतं तिला, पण मास्तराकडून वाचून घेऊन पाठ केला होता. मला म्हणून दाखवला. कैदी तापानं वारला. जागेसंबंधी तक्रार नव्हती. त्याच ठिकाणच्या एका कैद्यानं स्वतःहून सांगितलं आहे की जागा पुरेशी आहे.

"कोण ह्यो मेला?" ती म्हणाली. "तू तितंच व्हतास. तुला ठाव असंल. नाव सांग त्याचं. त्याच्या जिभंला किडं पडतील."

खोटं बोलता आलं असतं. कोण जाणे काकी, लई माणसं होती, असं म्हणून मी निघून आलो असतो. पण धाकूदादाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. अजून आहे.

"मी," म्हटलं.

तिनं शिवी दिली नाही. सुकट पसरायची थांबली, एवढंच. कावळा येऊन बसला, तो तिनं हाकलला नाही. मग म्हणाली, "कशापाई?"

"चांगलं बोलतोस म्हणाले म्हणून."

ती उठली. तो कागद माझ्या पायापुढं टाकला.

"जा. जा आन खोडून ये."

म्हणून मी कचेरीच्या पायरीवर गेलो होतो. म्हणून तो अर्ज. आणि त्याच्यावर पाणी.

दुसऱ्या खेपेला मी अर्ज लिहिलाच नाही. बाजाराचा दिवस बघून गेलो. कचेरीसमोर रस्त्यावर उभा राहिलो आणि अर्ज तोंडानं म्हटला. मोठ्यानं. अमुक वखार, अमुक साल, दारावर चाळीस, आत एकशे चार. माणसं थांबली. कारकून धावत पडवीत आला.

"बोंबलतोस काय रे?"

"अक्षर लागत नाही म्हणालात. म्हणून वाचून दाखवतोय."

कुणीतरी गर्दीत फिसकन हसलं. ह्या वेळी माझ्यावर नाही. कारकून लाल झाला. "भेटीचं पुस्तक सरकारचं खाजगी दप्तर आहे. पब्लिकचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"त्यात शब्द माझा आहे. खोटा बोललो मी. मला तो खोडायचाय."

"एकदा बोललास की तो सरकारचा झाला. रावसाहेबांनी लिहिलंय, त्यांना जाऊन विचार."

गेलो. रावसाहेबांच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहिलो. ते झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. मला ओळखलं. नुसतं ओळखलं नाही, खूश झाले. "अरे, तू! दापोलीचा ना? ये ये. तिथं उन्हात नको, मांडवाखाली ये."

मी सगळं सांगितलं. आगरात नेलेली चौसष्ट माणसं. धाकूदादा. गार गुडघा. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. सुपारी कातरायची मात्र थांबवली. सज्जन माणूस. मी त्यांना वाईट म्हणत नाही, आणि तेच मला सलतं.

"हे बघ," ते म्हणाले. "मी काही खोटं लिहिलं नाही. तू बोललास ते लिहिलं. आता ते पुस्तक लोकांना दाखवायला लागलो, तर उद्या कुणीही उठून विचारील. कारभार चालेल का? झालं ते झालं." मग आवाज खाली आणला. "तुझी वाणी चांगली आहे रे. तुम्हा लोकांच्या शाळेला मास्तर हवाय. माझा शब्द पडला तर काम होईल. वाडीचं कल्याण करशील. एवढं सोडून दे."

मास्तरकी! आमच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाली नव्हती. माझी आय माझ्या डोळ्यापुढं आली. तिनं शेणी थापून मला शिकवलं ते ह्यासाठीच. आणि परत ते बरं वाटणं सुरू झालं. तेच. वखारीत झालं होतं तसंच. ते ओळखीचं वाटलं आणि मी घाबरलो.

मी मांडवाखालून बाहेर उन्हात आलो.

"रावसाहेब, त्या दिवशी तुमी उंबऱ्याच्या आत आलाव का?"

"काय?"

"दारात उभं ऱ्हायलाव. आत आलाव न्हाय. मोजलाव न्हाय. मना विचारलाव, आन मी खोटा बोललो. आता खरा बोलतो तर तुमाला आयकायचा न्हाय. मास्तरकी नको मना."

वाडीतल्या बोलीत बोललो. मुद्दाम नाही, तेच तोंडाला आलं. रावसाहेबांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "वाया गेलास," म्हणाले. त्यांच्या गड्यानं मी उभा होतो तिथं पाणी मारलं.

पुस्तक मला कुणी दाखवलं नाही. शब्द खोडला गेला नाही. तो अजून तिथं आहे, कपाटात, कुलपाच्या आत. मी मेल्यावरही सरकारच्या लेखी जागा पुरेशीच राहणार. हे मी आता गिळलंय.

चळवळ ओसरली. चळवळीतली माणसं सुटली, हार घालून मिरवली. वखार तशीच राहिली. दारावरचा आकडा नवीन सफेत्यानं परत काढलाय. आत माणसं आहेत. दर सोमवारी मुलाखत असते, पण थोड्यांनाच आत सोडतात. खाडीवरून, कातळावरून बायाबापड्या येतात, भाकऱ्या बांधून, रस्त्यावर बसून राहतात. आत आपला माणूस कसा आहे, कुणी सांगत नाही.

मी दर सोमवारी जातो. सुटून बाहेर पडणाऱ्या माणसाला गाठतो. जोड्या किती? झरोक्याकडं कोण? आजारी कोण, कुठल्या गावचा? तो सांगतो. सुटलेला माणूस सांगतोच, त्याला फक्त कुणी विचारायला पाहिजे. आणि मी ते तिथंच उभा राहून मोठ्यानं सांगतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुमचं दप्तर ठेवा तुम्ही कुलपात.

गेल्या सोमवारी फौजदार आला. "तू कोण रे? सरकारनं नेमलाय तुला?"

"न्हाय."

"मग कुणी नेमलं?"

"खारव्याच्या बायकोनं."

त्यानं कॉलर धरली. म्हणाला, अफवा पसरवतोस, पुढच्या सोमवारी दिसलास तर आत टाकीन. आत म्हणजे कुठं, ते मला ठाऊक आहे. त्या पिंपाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी शूर नाही. बायको रडते, म्हणते पोरांकडं बघा. आणि धाकूदादाच्या बायकोनं मला माफ केलेलं नाही. सोमवारी तीही येते. तिचं आता आत कुणी नाही, तरी येते. माझ्याशी बोलत नाही. मी सांगतो ते बरोबर सांगतोय का, ते ऐकत उभी राहते.

उद्या सोमवार आहे. मी जाणार. त्यांनी आत टाकलं तर आतून मोजीन.